मगदूम पद्धत

"तुम्हाला गणित येतं का?" पद्मजा आवटीनं मला विचारलं.

मी तिला बघायला मिरजेला गेलो होतो. बाहेरच्या खोलीत माझी आई आणि तिचे वडील, निवृत्त फौजदार आवटी, दोन्हीकडच्या पाहुण्यांची नाती जुळवत बसले होते आणि "जरा बोलून घ्या" म्हणून आम्हा दोघांना मागच्या सोप्यात पाठवलं होतं. मी उत्तरं घोकून आलो होतो. आवड काय, तर वाचन. राग येतो का, तर कधीच नाही. घरकामात मदत कराल का, तर हो, पण हे आईसमोर विचारू नका. गणिताचं काही तयार नव्हतं. पण मुलगी मला बघताक्षणी आवडली होती आणि मी पडलो पाटबंधारे खात्यातला कनिष्ठ लिपिक. शेखी मिरवायला दुसरं होतं काय माझ्याजवळ?

"गणित म्हणजे माझ्या हातचा मळ," मी म्हणालो.

"मग बरं झालं. मी मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेला बसतेय. बाकी सगळं जमतं, असमानतेच्या गणितांवर गाडी अडते. ती लहान-मोठ्याची चिन्हं असतात ना, ती."

"तो तर माझा खास विषय."

हे मी का म्हणालो, देवाला ठाऊक. तीच परीक्षा मी एकदा दिली होती आणि निकाल विचारणाऱ्या सगळ्यांना "थोडक्यात हुकलं" असं सांगितलं होतं. किती थोडक्यात, ते कुणी विचारलं नाही.

"एक आधीच सांगते," पद्मजा म्हणाली, "म्हणजे मागनं कुणाचा गैरसमज नको. प्रवेश मिळाला तर मी दोन वर्षं पुण्याला जाणार. तेवढं कुणी थांबत नाही, म्हणजे हे स्थळ तिथंच संपलं. नाही मिळाला, तर तुम्ही मला चालाल."

"म्हणजे मी उत्तेजनार्थ?"

ती हसली. "तसं म्हणा."

शहाणा माणूस इथं चहा संपवून उठला असता. मी म्हणालो, "काही काळजी करू नका. मी शिकवतो तुम्हाला."

सांगलीला परतताना बसमध्ये आईनं सगळं काढून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे ती नापास झाली तर आपल्या घरी येणार?"

"हो."

"आणि तू तिला पास करायला निघालायस?"

"हो."

"सुकुमार, पायावर धोंडा मारून घेतात ते ऐकलं होतं. तू तर धोंडा विकत आणून मारतोयस."

मला ते पटत होतं. पण रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसायला मिळणार, यापुढं मला काही दिसत नव्हतं.

आवटींकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. त्यानंतर पुढच्या कट्ट्यावर आमची शिकवणी भरायची. फौजदार चार हातांवर आरामखुर्चीत पेपर उघडून बसायचे. पान मात्र क्वचितच उलटायचे. पुस्तक इंग्रजी होतं, पण आम्ही दोघंही मराठी शाळेतले, त्यामुळं त्यातल्या एक्सला आम्ही क्षच म्हणायचो.

"असमानतेत सगळी भीती चिन्हाची असते," पहिल्याच दिवशी मी व्याख्यान ठोकलं. "ती आपण काढून टाकू. गणित कसलंही असो, आकडा डावीकडं न्यायचा, क्ष उजवीकडं ठेवायचा. मग डावीकडून सुरुवात करून सरळ आपल्या मराठीत वाचायचं. हे बघा."

मी वहीत लिहिलं: ५ > क्ष + २. मग दोन इकडं आणले आणि खाली लिहिलं: ३ > क्ष.

"हं, आता वाचा. हे चिन्ह म्हणजे 'पेक्षा मोठा'."

"तीन... पेक्षा मोठा... क्ष."

"झालं की. तीनपेक्षा मोठा क्ष. म्हणजे क्ष चार असेल, पाच असेल, शंभरसुद्धा असेल. इंग्रजी माध्यमाची मुलं उगाच डोकं फोडत बसतात. आपली भाषाच गणिताला सोयीची."

"हे तुम्ही शोधून काढलंत?"

"हो. मी याला मगदूम पद्धत म्हणतो," मी म्हणालो. खरं तर तोपर्यंत मी तिला काहीच म्हणत नव्हतो. नाव त्याच क्षणी सुचलं.

पेपरामागून फौजदार खाकरले. मला वाटलं, कौतुकानं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिली कुरकुर आली. परीक्षेत प्रत्येक गणिताखाली चार आकडे देऊन, क्षची किंमत यातली कोणती असू शकेल असं विचारतात. पद्मजानं माझ्या पद्धतीनं एक पान सोडवलं होतं आणि पुस्तकाच्या शेवटी उत्तरं ताडून बघितली होती.

"निम्मीच जुळतात," ती म्हणाली.

"कुठली जुळत नाहीत?"

"हेच बघा की, पहिल्या दिवशीचं. पर्याय आहेत दोन, तीन, चार आणि सहा. तीनपेक्षा मोठा म्हणजे चारही चालेल आणि सहाही. उत्तर तर एकच पाहिजे. आणि पुस्तक म्हणतंय, दोन."

माझ्यासारख्या माणसाचं खरं रूप अशा वेळी दिसतं. मी पुस्तक हातात घेतलं, कागद बोटानं चोळून बघितला, पाठपुठ्ठा बघितला आणि डॉक्टरनं पेशंटच्या नातेवाइकांकडं बघावं तसं तिच्याकडं बघितलं.

"छपाईच्या चुका," मी म्हणालो. "पुस्तक रस्त्यावरनं घेतलं का?"

"नाही, दुकानातनं."

"तरी पण. दोन-दोन पर्याय बरोबर येतात म्हणजे किती गलथान काम आहे बघा. निम्मी उत्तरं जुळतात ना? मग पद्धत बरोबरच आहे. चुकीच्या पद्धतीनं एकही जुळलं नसतं."

हा शेवटचा युक्तिवाद मला स्वतःला इतका आवडला की घरी जाऊन मी तो आईलाही ऐकवला. दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन गेलो आणि पुस्तकातली उत्तरं दुरुस्त करून दिली. पद्मजा बी.कॉम. होती, मी बी.एस्सी. माझ्या डिग्रीचा मान राखून तिनं मान डोलावली.

ते दिवस फार चांगले गेले. गणित संपलं की ती खारे शेंगदाणे आणायची. पुण्याला जाऊन काय करायचं, कसली नोकरी धरायची, हे सांगताना ती हातवारे करायची आणि मी ऐकत राहायचो. एकदा ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात हो. माझा प्रवेश झाला तर तुमचंच नुकसान, तरी शिकवताय." मी नम्रपणे खाली बघितलं. त्या रात्री मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्तच खाल्ली. मी तिच्या प्रेमात पडलो होतो, दुसरं काय.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गेलो तर शेंगदाणे नव्हते. वही उघडून तिनं माझ्यापुढं ठेवली.

"काल मी एक करून बघितलं. ३ > क्ष, तीनपेक्षा मोठा क्ष. मग मी क्षच्या जागी दहा घातले."

"चालतील की. दहा मोठेच आहेत."

"लिहून बघा."

मी लिहिलं: ३ > १०.

"चिन्हाची चोच कुणाकडं उघडलीय?" ती म्हणाली. "पहिलीत शिकवतात. चोच मोठ्याकडं. तुमचं खरं धरलं तर दहापेक्षा तीन मोठा."

मी त्या तीनकडं बघितलं आणि दहाकडं बघितलं. 'तीनपेक्षा मोठा दहा,' मी मनात वाचलं. वाचायला गोड लागत होतं. लिहिलेलं मात्र नेमकं उलटं होतं. 'तीन हा क्षपेक्षा मोठा' असं ते होतं. आपल्या भाषेत 'पेक्षा मोठा' म्हणताना 'पेक्षा' ज्याला चिकटतो तो लहान ठरतो, आणि मी तो डावीकडच्या आकड्याला चिकटवून मोकळा झालो होतो. इतके दिवस, रोज, आवाज चढवून. पुस्तकभर माझी लाल शाई पसरलेली होती.

"एक विचारू?" पद्मजाचा आवाज हळू होता. "मी नापास झाले की लग्न तुमच्याशी. मला उलटं शिकवून फायदा कुणाचा, हे काल माझ्या लक्षात आलं. तुम्ही मुद्दाम शिकवलंत का?"

फौजदारांचा पेपर खाली आला.

हे मी पुढं कितीदा तरी आठवून बघितलंय. 'नाही हो, मला येतच नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणणं म्हणजे हातचा मळ, खास विषय, मगदूम पद्धत, सगळंच गटारात. तिच्यासमोर गाढव ठरायचं की लबाड, असे दोनच पर्याय होते. लबाड माणसाला निदान डोकं तरी असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम."

पद्मजा पुस्तक छातीशी धरून आत निघून गेली. फौजदार उठले, कट्ट्याच्या पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "मगदूम, पुन्हा इकडं फिरकायचं नाही."

झालं. मध्यस्थामार्फत निरोप आला, मुलगा लबाड निघाला. आई चिडेल म्हणून मी भीत भीत सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली.

"मुद्दाम उलटं शिकवत होतास? ती नापास व्हावी म्हणून?"

"हो," मी म्हणालो. आता माघार कुठली घेणार?

"अरे," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर बघितला. "तुला एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं रे मला. तुझे वडील बिचारे भोळेच गेले."

ऑफिसातही बातमी पोचली. रजेचा अर्ज अडवून धरणारे आमचे हेडक्लार्क मला जपून वागवायला लागले. चहावाला माझ्या टेबलाशी आधी यायला लागला. सगळीकडं मी पोचलेला माणूस म्हणून ओळखला जायला लागलो आणि माझं जेवण तुटलं. संध्याकाळ झाली की पाय मिरजेच्या बसकडं वळायचे. ती मला वाईट माणूस समजते, हे मला सहन होत नव्हतं. आणि हे मीच तिच्या हातात ठेवून आलो होतो, कारण ती मला मूर्ख समजेल हे सहन झालं नसतं.

परीक्षा झाली. निकाल लागला. पद्मजाला पुण्याला प्रवेश मिळाला. तेवढ्या आठवड्याभरात तिनं सगळं नव्यानं, एकटीनं शिकून घेतलं होतं.

रविवारी सकाळी मी मिरजेला गेलो. दार फौजदारांनी उघडलं.

"फिरकायचं नाही म्हणालो होतो."

"साहेब, एक जबाब द्यायचाय. मग जातो."

जबाब हा शब्द ऐकून जुनी सवय जागी झाली असावी. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि स्वतः समोर बसले. आतल्या दारात पद्मजा येऊन उभी राहिली.

"मी मुद्दाम उलटं शिकवलं नाही," मी म्हणालो. "मला येत नव्हतं. मला खरंच तसंच वाटत होतं."

"मग तेव्हा हो का म्हणालात?"

"लाज वाटली म्हणून."

"लबाड नाही, मूर्ख आहे, असं म्हणणं आहे तुमचं?"

"हो, साहेब."

"पुरावा?"

पुरावा मी घरून ठरवूनच आलो होतो. "पुस्तकातलं कुठलंही गणित द्या. तेव्हा सोडवायचो तसंच इथं तुमच्यासमोर सोडवतो. चुकेलच."

फौजदारांनी पद्मजाकडून पुस्तक मागवलं, डोळे मिटून पान उघडलं आणि एका गणितावर बोट ठेवलं. मी कागदावर उतरवलं: १ > ७ − २क्ष. पर्याय होते शून्य, एक, तीन आणि पाच. आयुष्यात कुठलं गणित चुकावं म्हणून मी इतका आतुर झालो नव्हतो. सात इकडं आणले: −६ > −२क्ष. दोन्हीकडं उणे दोननं भागलं: ३ > क्ष. तीनपेक्षा मोठा क्ष.

"पाच," मी म्हणालो आणि फजितीसाठी तयार होऊन बसलो.

फौजदारांनी शेवटचं पान काढलं. चष्मा वर केला, खाली केला.

"उत्तर पाचच आहे."

"काय?"

"पाच. छापलंय इथं. म्हणजे येतंय की तुम्हाला." ते खुर्चीत मागं रेलले. "मगदूम, माझ्या घरात येऊन दुसऱ्यांदा बनवता?"

जन्मभर उत्तर बरोबर यावं म्हणून झटलो, तेव्हा आलं नाही, आणि नेमकं आज आलं. "पुन्हा बघा साहेब, छपाईची..." एवढं बोललो आणि जीभ चावली.

"बाबा, थांबा," पद्मजा पुढं आली. माझा कागद तिनं उचलला आणि बराच वेळ बघत राहिली. "हे कसं केलंत ते सांगा. एकेक ओळ."

मी सांगितलं. सात इकडं आणले. मग उणे दोननं भागलं.

"भागल्यावर चिन्हाचं काय केलंत?"

"काय करायचं त्याचं? होतं तिथंच ठेवलं."

"उणे आकड्यानं भागलं की चिन्ह उलटं फिरवायचं असतं."

मी तिच्याकडं बघितलं. "फिरवायचं असतं?" मी विचारलं. "का?"

मला खरंच कळून घ्यायचं होतं. मी खिशातलं पेन काढलं होतं आणि कागद तिच्याकडं सरकवला होता.

"एकदा इथं उलटं झालं, आणि मग वाचताना पुन्हा उलटं झालं," पद्मजा वडिलांना म्हणाली. "दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या, म्हणून उत्तर बरोबर आलं. निम्मी कशी जुळायची ते आत्ता कळलं मला." तिनं ओठ दाबून धरले होते, पण खांदे हलत होते.

फौजदार माझ्याकडं टक लावून बघत होते. "माझ्या नोकरीत मी लबाड माणसं पुष्कळ बघितली," ते सावकाश म्हणाले. "पकडला गेला की लबाड माणूस वकील मागतो. हा पेन काढून शिकायला बसलाय." ते उठले आणि पेपर उचलून कट्ट्यावर जाऊन बसले. "बोला काय बोलायचं ते."

आम्ही दोघंच राहिलो. मी उणे दोनकडं बघत होतो, कारण तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता.

"मी पुण्याला जाणार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. अभिनंदन करायचं राहूनच गेलं."

"दोन वर्षं."

"हो. मी थांबतो."

"सोपं वाटतं म्हणायला. तुमच्या आई थांबू देतील?"

"देईल. मी लबाड आहे म्हणून हल्ली तिला माझं कौतुक वाटतं. यातही माझा काही डाव असेल असंच धरून चालेल."

ती मोकळेपणानं हसली. मग हसायची थांबली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"पण का थांबणार? खरं सांगा. शहाण्यासारखं काही बोलू नका."

काहीतरी भारदस्त बोलावं असं वाटलं, आणि काही सुचलंच नाही. "तुम्ही नसलात की संध्याकाळी मला काय करावं ते कळत नाही," मी म्हणालो. "जेवणसुद्धा जात नाही. तुम्ही मला काहीही समजा, पण समजत राहा. एवढंच आहे, दुसरं काही नाही."

पद्मजा माझ्याकडं बघत राहिली. गणित तपासावं तसं नाही, माणसाकडं बघावं तसं.

"हे मात्र स्वतःचं स्वतः बरोबर आलं तुम्हाला," ती म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.